सत्तावीस नंबरचं कार्ड

मंगळवारी सकाळी संहिताने नमुन्यांची यादी उघडली, तेव्हा नेदरलँड्समधल्या कुत्र्यांच्या अकरा ओळींपैकी दहाच उरल्या होत्या. शेवटची, डी-११, गेली होती. शुक्रवारी ती होती हे तिला पक्कं आठवत होतं. त्या कुत्र्याचा पिनकोड १०८३ होता, म्हणजे तिच्याच बुइटनव्हेल्डर्टचा, आणि आपल्या वस्तीत कोरियन कुत्रा कोणी पाळलाय याचं तिला कुतूहल वाटलं होतं.

यादीत कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. संहिताने ती काढून पाहिली. ‘सोमवार, दुपारी १२.४०. डी-११ वगळला. कारण : लाळेचा नमुना खराब.’ पुढे नाव होतं सूजिन पेक.

सूजिन तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायची. त्या क्षणीही बसलेली होती, हेडफोन लावून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून. संहिताने तिला लगेच विचारलं नाही. आधी तिने डी-११चा अहवाल उघडला. नमुना उत्तम होता. इतका स्वच्छ नमुना त्या अकरांत दुसरा नव्हता.

युट्रेख्टमधली ही संस्था लहानशी होती, जेमतेम वीस माणसांची, आणि प्राण्यांच्या आनुवंशिकतेवर काम करायची. संहिता मूळची सांगलीची. जनावरांची डॉक्टर झाल्यावर जत तालुक्यात मेंढपाळांच्या मागे हिंडून तिने कारवान कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. त्या कामाच्या जोरावर तिला चार वर्षांपूर्वी इथे नोकरी मिळाली. नवरा आशुतोष झुइडासमधल्या एका बँकेत आयटीत होता. आशुतोषला कोणी बायकोबद्दल विचारलं की तो म्हणायचा, “ती कुत्र्यांची वंशावळ बघते,” आणि ते फारसं चूक नव्हतं.

सध्याचं काम जिंदोवर होतं. कोरियाच्या नैऋत्य टोकाला असलेल्या बेटावरचा हा कुत्रा. ताठ कान, पाठीवर वळलेली शेपूट, एकाच माणसाला जीव लावणारा. गेल्या तीस वर्षांत ही जात कशी बदलली, एवढा एकच प्रश्न होता. त्यासाठी तीन काळांतले नमुने घेतले होते : १९९४चे, २००९चे आणि आताचे. शिवाय परदेशात दत्तक गेलेल्या कुत्र्यांचे थोडे. उत्तर स्पष्ट दिसत होतं. बेटावर पूर्वी पांढरे, पिवळे, काळे, वाघासारखे पट्टे असलेले असे नाना रंगांचे जिंदो होते. काही काळे-तांबूस होते, त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपका असायचा, म्हणून लोक त्यांना ‘चार डोळ्यांचा’ म्हणत. पुढे गिऱ्हाइकांना पांढरा किंवा पिवळाच हवा झाला. मग पिल्लं तीच ठेवली गेली. रंगांबरोबर बाकीचंही बरंच काही गेलं. संहिताच्या हिशेबाने जातीतली विविधता जवळजवळ एक तृतीयांशाने घटली होती.

पण घटली असं म्हणायला आधी किती होती ते माहीत हवं. ते सांगत होते १९९४चे बेचाळीस नमुने. जाड कागदाच्या कार्डांवर वाळवलेले रक्ताचे थेंब, प्रत्येक कार्ड वेगळ्या पाकिटात. ती कार्डं कोरियातून सूजिनने आणली होती.

दुपारी जेवताना संहिताने सहज विचारल्यासारखं विचारलं, “डी-११ काढलास का गं?”

सूजिनने डब्यातून मान वर केली नाही. “हो. लाळ खराब होती.”

“पूर्ण खराब?”

“वापरण्यासारखी नव्हती.” मग लगेच म्हणाली, “तुझी ती मेथीची भाजी आहे का? देशील थोडी?”

संहिताने डबा पुढे सरकवला. आपली मैत्रीण खोटं बोलली, हे तिला कळलं होतं. का, ते कळत नव्हतं.

त्या दोघींचं चांगलं जमायचं. संहिता नवी आली तेव्हा इथल्या घरच्या डॉक्टरकडे, हाउसआर्ट्सकडे फोन कसा लावायचा, आणि तो “पॅरासिटामॉल घ्या” म्हणाला तर पुढे काय बोलायचं, हे सूजिनने शिकवलं होतं. गणपतीत सूजिन घरी येऊन सात मोदक खाऊन गेली होती. दोघींनाही आपापल्या देशातल्या गावठी कुत्र्यांचं वेड होतं. पण घरच्यांबद्दल सूजिन कधी बोलायची नाही. वडील वारले एवढंच एकदा म्हणाली होती. तोवर संहिताला त्यात काही खटकलं नव्हतं. आता खटकायला लागलं.

बुधवारी सूजिन दाताच्या डॉक्टरकडे गेली, तेव्हा संहिताने डी-११ची माहिती जुन्या प्रतीतून परत काढली आणि सगळ्या कुत्र्यांशी ताडून पाहिली. अर्ध्या तासाने आकडे आले. ते तिने दोनदा वाचले. मग उठून पाणी पिऊन आली आणि तिसऱ्यांदा वाचले.

डी-११ हा पाच वर्षांचा नर होता. आणि तो १९९४च्या सत्तावीस नंबरच्या कुत्र्याचा मुलगा होता.

नातू-पणतू नव्हे, थेट मुलगा. तपासलेल्या प्रत्येक जागी त्याचा अर्धा वाटा सत्तावीस नंबरशी जुळत होता. बाप १९९४ला मोठा कुत्रा आणि मुलगा २०१९ला जन्मलेला. कुत्रं फार तर पंधरा वर्षं जगतं. कोरियात कुत्र्यांचे क्लोन करतात हे तिला आधी आठवलं, पण क्लोन पूर्णच्या पूर्ण जुळला असता, अर्धा नाही.

मग एकच शक्यता उरत होती. सत्तावीस नंबरचं कार्ड १९९४चं नव्हतंच. अलीकडच्या, जिवंत कुत्र्याचं रक्त जुन्या कार्डावर टाकून कोणीतरी तारीख लिहिली होती. आणि एक कार्ड खोटं असेल तर उरलेल्या एक्केचाळीसांचं काय? ‘एक तृतीयांश घटली’ हे वाक्य ज्यावर उभं होतं ती जमीनच गेली.

तिने कार्डांची मूळ नोंद उघडली. ‘नमुने गोळा करणारा’ या रकान्यात बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणी एकच नाव होतं : पेक म्योंगसू.

पेक. सूजिनचंच आडनाव. खोटं नाव रचताना माणूस घाईत स्वतःचंच आडनाव वापरतं, असं संहिताला वाटलं. कोरियात एकेक आडनाव लाखो लोकांचं असतं हे तिला माहीत होतं. पण त्या दिवशी तिने त्याचा विचार केला नाही.

पुढचे दोन दिवस ती सूजिनकडे बघत राहिली. पूर्वी न दिसलेलं सगळं दिसायला लागलं. फोन आला की सूजिन जिन्यात जायची. संहिता पाठोपाठ पाण्याची बाटली घेऊन निघाली की तिचा आवाज खाली यायचा. बोलणं कोरियनमध्ये, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा : ‘बोरी’. गुरुवारी ती शीतपेटीपाशी उभी होती, कार्डांचा खण अर्धा उघडा होता. संहिताची चाहूल लागताच तिने तो ढकलला.

“काही शोधत होतीस?” संहिताने विचारलं.

“नाही. मोजत होते.”

“बेचाळीसच आहेत.”

“माहीत आहे,” सूजिन म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

संध्याकाळी संहिताने आशुतोषला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. ऐकता ऐकता त्याची सुरी थांबली.

“पेपरवर तुझं नाव आहे?”

“दुसरं. पहिलं तिचं.”

“मग विचार कसला करतेस? उद्या हे दुसऱ्या कोणाला सापडलं तर म्हणतील, आकडे हिनेच काढले, हिला माहीत होतं. आपण इथे नोकरीच्या पर्मिटवर आहोत, संहिता. हानेकाला आजच लिही.”

“आधी सूजिनशी बोलू का?”

“बोललीस ना? काय म्हणाली? लाळ खराब.” त्याने पुन्हा सुरी चालवली. “अजून एकदा विचारशील, तर तिला कळेल तुला काय कळलंय. मग ते कार्डच राहणार नाही जागेवर.”

हे संहिताला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते तिच्या मनात आधीच होतं, आशुतोषने फक्त बोलून दाखवलं. जेवणाआधीच तिने हानेकाला, संस्थेच्या प्रमुख बाईंना, मेल लिहिली. ‘बनावट’ हा शब्द तिने दोनदा खोडला आणि शेवटी राहू दिला.

शुक्रवारी दहा वाजता हानेकाने सूजिनला बोलावलं. काचेच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. सूजिन ताठ बसली होती. हानेकाने तिच्यासमोर एक कागद ठेवला, ती वाचत राहिली, मग मान हलवून काहीतरी अगदी थोडं बोलली. बाहेर आली तेव्हा तिचं ओळखपत्र हानेकाच्या हातात होतं. चौकशी संपेपर्यंत तिने घरी थांबायचं ठरलं होतं.

ती टेबलापाशी आली, चहाचा मग उचलून पिशवीत ठेवला.

“मला विचारलं का नाहीस?” ती हळू आवाजात म्हणाली.

“विचारलं होतं. तू खोटं बोललीस.”

“हो, बोलले.” सूजिनने पिशवीची चेन लावली. “पण तू काय विचारलंस? लाळेबद्दल. तुला जे खरंच विचारायचं होतं ते तू हानेकाला विचारलंस.”

 आपण बरोबर आहोत, हे संहिताने स्वतःला संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत चार वेळा सांगितलं.

त्या महिन्यात संहिताच्या सासूबाई, मालिनीताई, पुण्याहून राहायला आल्या होत्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घरात बसून कंटाळा येतो म्हणून रोज दुपारी कोट, मफलर, मोजे चढवून गाइसब्रेख्ट पार्कात जायच्या. शनिवारी त्या डबा भरून घेऊन निघाल्या.

“हे कोणासाठी, आई?”

“माझ्या मैत्रिणीसाठी. बाकावर भेटते रोज. चायनीज आहे बहुतेक. तिचं डच माणसाशी लग्न झालं होतं, तो गेला बिचारा. इंग्रजी मोडकंतोडकं बोलते, पण कळतं सगळं. तिचा कुत्रा फार गुणी आहे गं. नुसता माझ्या पायाशी बसतो.” मग आवाज जरा उतरवून म्हणाल्या, “पहिल्यांदा बघितला तेव्हा दचकलेच होते. त्याला चार डोळे आहेत.”

संहिता बूट घालता घालता थांबली. “म्हणजे?”

“अगं, डोळ्यांवर असे दोन तांबडे ठिपके. लांबून चार डोळेच वाटतात. यमाची कुत्री अशीच असतात म्हणे चार डोळ्यांची, माझी आजी सांगायची. आता या वयात असला कुत्रा रोज समोर येऊन बसायला लागला तर माणूस घाबरणारच की.”

संहिता म्हणाली, “मी पण येते.”

पाऊस नुकताच थांबला होता. तळ्याकाठच्या बाकावर सत्तरीची एक बाई बसली होती, पाठ सरळ, केस आखूड कापलेले. पायाशी काळा-तांबूस कुत्रा. ताठ कान, वळलेली शेपूट. मालिनीताईंना पाहून तो उठला, संहिताला पाहून जागीच थांबला. भुंकला नाही. नुसता पाहत राहिला.

“बोरी,” बाईने त्याला हाक मारली.

जिन्यात ऐकलेला शब्द.  संहिताला साखळी आता उघड दिसत होती. डी-११ हा सूजिनच्या ओळखीच्या बाईचा कुत्रा, त्याचाच जन्मदाता जुन्या कार्डावर, आणि मध्ये सूजिन. आता मुळापर्यंत जायचंच असं ठरवून ती बाकावर बसली.

“मी सूजिनबरोबर काम करते,” तिने डचमध्ये सांगितलं.

बाईचा चेहरा उजळला आणि तितक्याच लवकर विझला. “तू संहिता आहेस का?”

“हो.”

“सूजिन माझ्या बहिणीची मुलगी. मी ओक्सून.” बाई थोडा वेळ कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. “माझी चूक झाली. जनावरांच्या डॉक्टरांकडे पत्रक होतं, जिंदो असेल तर लाळ द्या म्हणून. मला वाटलं, सूजिनच्याच उपयोगाचं आहे, दिली. तिला नंतर सांगितलं. फोनवर रडली माझ्यावर.”

“का रडली?”

“तिला वाटलं, बोरीचा बाप सापडेल.” ओक्सूनने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. “सापडला ना?”

मालिनीताईंना डच कळत नव्हतं, पण काहीतरी गंभीर चाललंय हे कळून त्या डबा मांडीवर तसाच धरून गप्प बसल्या होत्या.

ओक्सून सावकाश सांगत गेली. म्योंगसू हे तिच्या बहिणीचे यजमान, सूजिनचे वडील. बेटावर गाई-बैलांचे डॉक्टर. गाईंना कृत्रिम रेतन करायचं काम त्यांचंच, म्हणून घरच्या दवाखान्यात द्रव नायट्रोजनची टाकी असायची, तिच्यात बैलांच्या रेतमात्रा ठेवलेल्या. गावात हळूहळू पांढरी आणि पिवळीच पिल्लं राहायला लागली हे त्यांना दिसत होतं. ते घरोघर जाऊन प्रत्येक कुत्र्याच्या रक्ताचा थेंब कागदावर घेऊन ठेवायचे. लोक हसायचे, डॉक्टरला कुत्र्याचं रक्त कशाला लागतं म्हणून. एका शिकाऱ्याकडे चार डोळ्यांचा म्हातारा कुत्रा होता, डुकराच्या मागावर गेला तर तीन दिवस परत न येणारा. तसला दुसरा राहिला नव्हता. त्याच्या रेताच्या सहा कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, म्योंगसूंनी गोठवून बैलांच्या कांड्यांमागे ठेवून दिल्या. कुठेही लिहिलं नाही.

“ते गेल्यावर टाकी रिकामी करायची होती,” ओक्सून म्हणाली. “सगळं सरकारजमा करायचं, असा नियम. सूजिनने बैलांचं दिलं. या सहा कांड्या दिल्या नाहीत. ओळखीच्या प्रयोगशाळेत ठेवल्या, परवानगी न घेता. दोन कांड्या एका कुत्रीसाठी वापरल्या. एकच पिल्लू झालं, ते मी इथे आणलं.”

बोरीने नाक तिच्या गुडघ्यावर टेकवलं.

“वडिलांचं नाव खराब होईल, म्हणून ती बोलत नाही. मी म्हटलं, बोल. तर म्हणाली, मावशी, एकदा बोलले की कार्डांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, वेड्या बापाचं काम लेक पुढे रेटतेय.”

संहिताला सगळं एकदम खरं वाटलं आणि त्याच क्षणी खोटंही. इतकी नीट बसणारी गोष्ट. मावशी-भाचीने बसून जुळवलेली असली तर? बाई डोळ्यांत पाहून बोलत होती, पण डोळ्यांत पाहून सूजिनही बोललीच होती की. घरी परत येताना मालिनीताई म्हणाल्या, “काय झालं गं? तिचा कुत्रा आजारी आहे का?” आणि संहिता नुसती “नाही” म्हणाली.

रविवारभर ती विचार करत राहिली. शेवटी तिच्या लक्षात आलं, की या गोष्टीत कोणाच्याही शब्दावर विसंबायची गरजच नव्हती. वाळलेलं रक्त जुनं होत जातं तसे त्यातले डीएनएचे धागे तुटतात. वर्षं जितकी जास्त तितके तुकडे लहान. ताज्या रक्ताला हे सोंग आणता येत नाही. कार्डाच्या कडेचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा आणि दोन दिवस, एवढंच लागत होतं.

सोमवारी हानेकाची परवानगी घेऊन तिने खण उघडला. सत्तावीस नंबरच्या पाकिटातून कार्ड काढलं. रक्ताचा डाग तपकिरी झालेला, गोल, कडेला थोडा ओघळलेला, कुत्र्याने ऐनवेळी पाय ओढून घेतला असावा तसा. खाली पेन्सिलीने कोरियनमध्ये दोन ओळी. तिने त्या कार्डाचा, इतर पाच जुन्या कार्डांचा आणि तुलनेसाठी गेल्या वर्षीच्या दोन कार्डांचा तुकडा घेतला. नंबर झाकून सगळे तंत्रज्ञाच्या हाती दिले. कोणतं कुठलं, हे त्यालाही कळू नये म्हणून.

बुधवारी उत्तर आलं. नवी दोन कार्डं लगेच वेगळी दिसत होती, धागे लांब, धड. बाकीची सहाही कार्डं एकसारखी होती, धागे चुरा झालेले. त्यात सत्तावीस नंबरचं कार्ड बाकीच्यांपेक्षा किंचित जास्तच चुरलेलं. ते जुनं होतं. तीस वर्षांपूर्वी त्या कुत्र्याचं रक्त त्या कागदावर पडलं होतं, आणि त्याचा मुलगा तिच्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होता.

संहिता पडद्यासमोर बसून राहिली. ही तपासणी ती गेल्याच बुधवारी करू शकली असती. तेव्हा चौकशी सुरू नव्हती, परवानगी लागली नसती, कोणाला विचारावं लागलं नसतं, सूजिन दाताच्या डॉक्टरकडून परत येईपर्यंत सुरुवातही झाली असती. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असंही नाही. आलं होतं, आणि तिने ते बाजूला ठेवलं होतं. तेव्हा तिला कार्डाच्या वयापेक्षा सूजिनचा चेहरा जास्त काही सांगतोय असं वाटलं होतं.

तिने सगळं हानेकासमोर ठेवलं, स्वतःची चूकही. हानेकाने आकडे नीट पाहिले.

“कार्डं खरी आहेत, हे चांगलं झालं,” ती म्हणाली. “पण नमुना खोटं कारण देऊन काढून टाकला, हेही खरंच आहे. ते मी विसरू शकत नाही.”

“तिची कारणं होती.”

“असतात. प्रत्येकाची असतात.” हानेकाने चष्मा काढला. “आणि एक सांगू? तुझी मेल आली तेव्हा मलाही दुसरी शक्यता सुचली नाही. आपण दोघींनी ते ‘बनावट’ फार पटकन वाचलं.”

चौकशीचा निकाल तीन आठवड्यांनी लागला. बनावटगिरी नाही. माहिती लपवली, नोंद खोटी केली, म्हणून ताकीद. डिसेंबरमध्ये संपणारा सूजिनचा करार पुढे वाढवला गेला नाही. उरलेल्या चार कांड्यांची गोष्ट तिने स्वतः लिहून कोरियातल्या संबंधित खात्याला कळवली. त्या आता सरकारी जनुकपेढीत जमा झाल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संहिता युट्रेख्टमध्येच सूजिनच्या घरी गेली. खोक्यांनी खोली भरली होती. सूजिनने दार उघडलं, बाजूला झाली, पण बस म्हणाली नाही.

“माफी मागायला आले,” संहिता म्हणाली.

“मावशीने सांगितलं, तू तिच्याकडे दोनदा येऊन गेलीस म्हणून.”

“माझी चूक झाली, सूजिन. मी आधी कार्ड तपासायला हवं होतं.”

“कार्डाचं मला काही वाटत नाही. कार्ड तपासायलाच हवं होतं, माझ्या वडिलांचं असलं तरी.” सूजिन खिडकीपाशी गेली. “मला एकच सांग. मी डच असते, हानेकासारखी, तर तू असाच विचार केला असतास? त्यांच्याकडे क्लोन करतात, त्यांच्याकडे काहीही होतं, असं डोक्यात आलं की नाही?”

संहिताने नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण त्या बुधवारी आकडे पाहिल्यावर सगळ्यात आधी क्लोनच आठवला होता. “आलं,” ती म्हणाली.

सूजिनने मान डोलावली.  बाहेर कोणाची तरी सायकल पडली, उचलली गेली.

“मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही,” शेवटी सूजिन म्हणाली. “तुला सांगायला हवं होतं. सांगणारही होते, गणपतीला आले होते तेव्हा. मग वाटलं, तू चांगली आहेस, तुला सांगितलं तर तूही अडकशील. आणि खरं सांगायचं तर तुझाही भरवसा वाटला नाही. तेवढं तरी मी बरोबर ओळखलं.”

हे लागायचं तिथे लागलं. संहिताने जाताना दारात हात पुढे केला. सूजिनने तो घेतला, लगेच सोडला.

पेपर वसंतात छापून आला. सूजिनचं नाव पहिलं राहिलं, आणि नमुने गोळा करणाऱ्या पेक म्योंगसूंबद्दल एक परिच्छेद हानेकाने आग्रहाने घालायला लावला. डी-११ही त्यात होता. रंगांबरोबर जातीतून काय काय गेलं, हे दाखवणारा तो एकच जिवंत कुत्रा होता.

सप्टेंबरमध्ये कोरियाहून सूजिनची मेल आली. ती आता तिथल्या एका विद्यापीठात होती. मेल हानेकाला होती, गटातल्या सगळ्यांना प्रत, त्यांत संहिताचंही नाव. जनुकपेढीने रीतसर परवानगी देऊन दोन कांड्या वापरल्या होत्या. तीन पिल्लं झाली होती. सोबत पिल्लांच्या तपासणीचे आकडे आणि एक फोटो.

संहिताने आधी आकडे उघडले. बापाच्या जागी सत्तावीस नंबर टाकून तिन्ही पिल्लं ताडून पाहिली. जुळली. पुन्हा पाहिली, पुन्हा जुळली. मग आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि एकटीच असूनही तिचे कान तापले.

नंतर तिने फोटो उघडला. जुन्या टॉवेलवर तीन पिल्लं एकावर एक झोपली होती. दोन पिवळी होती. तिसरं काळं होतं, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर दोन फिकट ठिपके नुकते कुठे दिसायला लागले होते.

‘अभिनंदन,’ तिने सूजिनला लिहिलं, फक्त तिलाच. त्याला उत्तर आलं नाही.